दादाचा रानमाणूस

माझ्या थोरल्या भावाने, श्रीपाद मेहेंदळे याने, आयुष्यात दोन गोष्टी केल्या. बँकेत नोकरी केली आणि रानमाणूस पाहिला. नोकरीबद्दल तो फारसं बोलत नाही, कारण तिथे बोलण्यासारखं त्याने काही केलं नव्हतं. रानमाणसाबद्दल मात्र तो गेली साठेक वर्षं बोलतो आहे. डोंबिवलीतल्या त्याच्या सोसायटीत, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, सुनेच्या माहेरी, मुंजीच्या पंगतीत, एवढंच काय कोणाच्या तेराव्यालासुद्धा लोकांनी ते ऐकून घेतलेलं आहे. आपल्याकडची माणसं फार सोशिक.

मी मंदाकिनी, त्याची धाकटी बहीण. लग्न होऊन कल्याणला गेले, तिथेच शाळेत शिकवलं आणि तिथेच निवृत्त झाले. दादाच्या गोष्टीत मीही आहे. त्यात मी बेशुद्ध पडते.

तो सांगतो ती गोष्ट आधी सांगून टाकते. भाद्रपदातली दुपार. आभाळ भरून आलेलं. अकरा वर्षांचा श्रीपाद आणि त्याची सहा वर्षांची बहीण पत्री खुडायला येऊरच्या रानात गेलेले. एकाएकी पाखरांचा आवाज बंद होतो. कारवीच्या झाडोऱ्यातून एक प्राणी बाहेर येतो, अंगभर केस, अर्धा माणूस, अर्धा माकड, चालताना हात जमिनीला टेकतात. तो बहिणीला उचलतो. बहीण बेशुद्ध. श्रीपाद नेम धरून दगड मारतो, प्राणी डरकाळी फोडतो. श्रीपाद गावात धाव घेतो, माणसं जमवतो, काठ्या घेऊन सगळे येतात, आणि तो गर्दी पाहून मुलीला टाकून पळतो. दगड बसला नसता तर आज मंदा आपल्यात नसती, असं म्हणून दादा माझ्याकडे बघतो आणि मग सगळेच माझ्याकडे बघतात. मी त्या वेळी शक्यतो जेवत असते.

हा प्राणी पहिल्या वर्षी आमच्या बाबांएवढा होता, आणि बाबा काही उंच नव्हते. दादाच्या लग्नापर्यंत तो दाराच्या चौकटीला लागला. दादा निवृत्त झाला तेव्हा त्याला घरात उभं राहता आलं नसतं. डोळे लाल झाले ते रंगीत टीव्ही आल्यावर. पाखरांचा आवाज बंद होणं तर अगदी अलीकडचं, त्याचा नातू अद्वय याने मोबाइलवर कसल्या कसल्या चित्रफिती दाखवायला सुरुवात केल्यानंतरचं. त्याआधी पाखरं व्यवस्थित ओरडत होती.

आता झालं होतं ते असं.

आम्ही तेव्हा ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका चाळीत राहायचो. बाबा कचेरीत कारकून होते. हरतालिकेच्या आदल्या दिवशी चाळीतले मुलगे येऊरच्या पायथ्याला पत्री आणायला जायचे. आघाडा, माका, रुई, बेल, डोरली. ज्याच्या पिशवीत जास्त प्रकार त्याचं जास्त कौतुक. बाजारात पत्री विकत मिळायची, पण घरच्या मुलाने खुडून आणलेली देवीला अधिक चालते असा आईचा समज होता. त्या वर्षी चाळीत गोवर आलेला, म्हणून दादा एकटाच निघाला. मी भोकाड पसरलं, तेव्हा आईने मला त्याच्या गळ्यात बांधलं.

येऊरच्या पायथ्याचं तळं मागे टाकून आम्ही रानात शिरलो. एका ओहोळात माझा पाय घसरला, तळव्यात काटा गेला आणि रक्त यायला लागलं. दादाला अजून डोरली मिळाली नव्हती. इथेच बस, मी आलोच, असं म्हणून तो निघून गेला. सहा वर्षांच्या बहिणीला रानात रक्ताळलेल्या पायाने बसवून डोरली शोधायला जाणारा मुलगा पुढे बँकेत चिकटला नसता तरच नवल होतं.

पाऊस लागला. मी रडत होते. थोड्या वेळाने झाडोऱ्यातून कोणीतरी वाकून येताना दिसलं. डोक्यापासून मांड्यांपर्यंत ओली, लोंबणारी पानंच पानं, आणि खाली चिखलाने माखलेले पाय. मीही घाबरले, ते कशाला नाकारू. मग ते माझ्यापुढे आलं, वरचा पानांचा भार मागे सारला आणि आतून एक बाई निघाली.

ते इरलं होतं. बांबूच्या कामट्यांवर पानं बांधून करतात आणि डोक्यावरून पाठीवर घेतात, म्हणजे पावसात वाकून काम करताना दोन्ही हात मोकळे राहतात. आजच्या मुलांनी ते पाहिलेलं नसेल. पण तेव्हा ठाण्याच्या वेशीबाहेर पाऊल टाकलं की पावसाळाभर शेतांतून इरलीच इरली दिसायची. दादाने ती माझ्यापेक्षा जास्त पाहिली होती.

बाईच्या पाटीत पत्रीच होती. आमच्यासारखीच ती आघाडा आणि माका खुडत होती, फक्त आमच्यासारखी मिरवायला नाही, बाजारात विकायला. तिने माझा पाय मांडीवर घेतला, काटा काढला, कसला तरी पाला चुरडून जखमेत भरला, लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून वर गाठ मारली आणि मला कडेवर घेऊन इरलं दोघींवर ओढलं. आत चुलीच्या धुराचा वास होता आणि ऊब होती. मला तिथे इतकं बरं वाटलं की माझं रडं थांबलं.

तेवढ्यात दगड आला. तो तिला लागला आणि ती ‘आय गो’ म्हणून ओरडली. इरलं मागे घसरलं. तिच्या डाव्या भुवईच्या वर कातडी फाटली होती आणि रक्त डोळ्यात उतरत होतं. ओहोळाच्या पलीकडे दादा उभा होता, तोंड उघडं टाकून. मग तो वळला आणि पळाला. पत्रीची पिशवी त्याच्या खांद्यालाच होती. पुढे चाळीत ती उलटी केली तेव्हा त्यातलं एक पान हरवलेलं नव्हतं.

ती बाई एका हाताने डोळा पुसत मला घेऊन तळ्यापर्यंत चालत आली. समोरून आमच्या चाळीतली माणसं येत होती, बाबा सगळ्यांत पुढे, प्रत्येकाच्या हातात काठी. तिने त्या काठ्या पाहिल्या. मला एका दगडावर बसवलं आणि आली तशी रानात परत गेली.

घरी दादाला ओवाळलं. शेजारच्या काकांनी पेढे आणले. मी आईला सांगितलं की ती बाई होती, पानं घातलेली बाई. आई शेजारणींना म्हणाली की पोरीला ताप चढलाय, बरळतेय. मला ताप नव्हता. रात्री तिने माझ्या पायाची चिंधी सोडली. ती लुगड्याची होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. आईने ती थोडा वेळ हातात धरली आणि मग चुलीत टाकली. रानमाणसाने पोरीचा पाय धरला म्हणून सगळी चाळ हळहळत होती, पण रानमाणूस इतकी सुबक गाठ कुठे शिकला, असं एकाही शहाण्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी हरतालिका. दादाला डोरली काही मिळाली नव्हतीच, म्हणून आई जांभळी नाक्यावरच्या बाजारात निघाली आणि मला कडेवर घेऊन गेली. मला घरी ठेवलं तर मी शेजारणींना काय सांगेन याची तिला धास्ती होती. पत्रीवाल्या बायका ओळीने बसल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या कपाळाला फडकं बांधलेलं होतं, डोळा सुजून मिटला होता आणि शेजारी इरलं पडलं होतं. मी आईला सांगितलं, हीच ती.

बाईने उघड्या डोळ्याने माझ्या पायाकडे पाहिलं. “पाय बरा हाय का गो, बाय?” तिने विचारलं.

 आईने डोरली घेतली, सांगितली ती किंमत देऊन टाकली आणि उठली. बाजारात घासाघीस न करता आई उठली असं मी तेवढंच एकदा पाहिलं. वाटेत मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा तिने मला चिमटा काढला. त्या डोरलीशिवाय तिची पूजा पुरी झाली नसती, आणि त्याच संध्याकाळी आमच्या खोलीत बसून दादा तिसऱ्यांदा रानमाणसाची गोष्ट सांगत होता. आई ऐकत होती. मुलगा शूर निघाला होता, त्यापुढे बाकीच्याचं काय एवढं.

पुढे त्या गोष्टीवर दादाचं सगळं आयुष्य उभं राहिलं. शाळेत निबंधाला बक्षीस मिळालं. कॉलेजात मुली घोळका करून ऐकायच्या. वहिनीच्या वडिलांनी मुलगा पसंत केला तो त्याच्या धाडसावर. नाहीतर दादामध्ये पसंत करण्यासारखं दुसरं काय होतं ते वहिनीला अजून सापडायचं आहे. बँकेत साहेब लोक त्याला सहलीला मुद्दाम घेऊन जायचे. डोंबिवलीत तर त्याने ‘सह्याद्रीतील अज्ञात वानर’ या विषयावर व्याख्यानं दिली, पडद्यावर चित्रं टाकून. माणसं वही घेऊन यायची. वानरशास्त्र शिकायला बँकेतल्या माणसाकडे जाणारी माणसं डोंबिवलीत इतकी असतील असं मला वाटलं नव्हतं.

माझ्या वाट्याला यातलं काय आलं तेही सांगते. मला बघायला आलेली पहिली दोन स्थळं पाय दाखव म्हणाली. एका मुलाच्या आत्याने आईला बाजूला घेऊन विचारलं की त्या प्राण्याने मुलीला आणखी काही केलं नव्हतं ना. आईने तेव्हाही खरं सांगितलं नाही. मी दहा-बारा वर्षांची असताना एकदा दादाला गाठून म्हणाले होते की ती बाई होती, मी तिचं तोंड पाहिलंय. तो शांतपणे म्हणाला, “तू बेशुद्ध होतीस.” इतकं ठाम की मी स्वतःच दोन दिवस विचारात पडले. मी एक क्षणसुद्धा बेशुद्ध नव्हते. पण ज्या गोष्टीत सगळ्या घरालाच आपण बेशुद्ध हवे असतो, तिथे शुद्धीवर असून काय उपयोग?

त्या बाईचं नाव रखमाबाई. शेजारी बसणाऱ्या बाईने तिला हाक मारली तेव्हा मला ते कळलं. लग्न झाल्यावरही पत्रीसाठी मी कल्याणहून जांभळी नाक्यावरच यायचे. एका वर्षी धीर करून तिच्यापुढे बसले आणि सांगून टाकलं की तुम्हाला दगड मारला तो माझा भाऊ. भुवईवरचा व्रण पांढरा पडला होता. मला वाटलं होतं ती रागावेल, नाहीतर मायेने काहीतरी बोलेल. ती म्हणाली, “ठावं हाय मला. पत्री देऊ का? मागं गिऱ्हाईक खोळंबलंय.” मला तिचा तो तुसडेपणा फार आवडला. आमच्या अख्ख्या घराण्याच्या वाट्याला सरळ बोलणारं एवढं एकच माणूस आलं होतं, आणि त्याला आम्ही माकड केलं होतं. काही वर्षांनी तिची जागा रिकामी दिसली. गेली म्हणाले.

या श्रावणात दादाची पंचाहत्तरी झाली. मुलाने डोंबिवलीत हॉल घेतला. अद्वयने आजोबांच्या पराक्रमावर छोटी फिल्म केली होती. तरीही दादाचं चित्त ठिकाणावर नव्हतं, आणि त्याला कारण होतं. कट्ट्यावर उत्तरा साठे नावाच्या एक बाई नव्याने यायला लागल्या होत्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी गोष्ट ऐकून घेतली आणि विचारलं, तुमच्याशिवाय हे कोणी पाहिलंय का? एवढंच. पण तेव्हापासून कट्ट्यावरचे लोक दादा बोलायला लागला की एकमेकांकडे बघून हसायला लागले. इतकी वर्षं माना डोलावणारे हेच लोक. स्वतःला शंका यावी एवढीही त्यांची ऐपत नव्हती, कोणीतरी ती आणून द्यावी लागली.

वहिनीचा फोन आला की यांचं जेवण तुटलंय. मग दादाचा आला. फिल्म संपली की मी स्टेजवर जायचं आणि होय, मी पाहिलं, एवढंच म्हणायचं. आयुष्यभर मला बेशुद्ध ठेवून आता त्याला साक्षीदार हवा होता. अद्वयने फोन हिसकावून घेतला आणि म्हणाला, “आत्याआजी, दोनच लाइनी बोल, पण जरा इमोशनल.” मी येते म्हटलं. काय बोलणार ते सांगितलं नाही. माझं ठरलं होतं. सगळ्यांसमोर रखमाबाईचं नाव घ्यायचं आणि तिला माणसांत आणून ठेवायचं. मी हो म्हटलं असतं तर ती कायमची जनावर राहिली असती, आणि ते ठाऊक असणारं माझ्यामागे कोणी उरलं नसतं. दादाची फजिती होईल याचं मला वाईट वाटत नव्हतं. गाढवाची फजिती होतेच कधीतरी.

हॉल भरला होता. उत्तराबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. दादा स्टेजवर शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन. फिल्ममध्ये नाटकाच्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला एक केसाळ पोशाख झाडांमधून धावला. तो वळला तेव्हा पाठीवरची चेन दिसली. कोणाच्या तरी नातीने माझं काम केलं होतं. ती छान बेशुद्ध पडली. टाळ्या झाल्या आणि माझं नाव पुकारलं गेलं.

मी स्टेजवर चढले आणि माइककडे निघाले, तर दादाने मनगट धरून मला खाली वाकवलं. 

“मंदे, बाई होती असं म्हणू नकोस.”

मी सरळ व्हायला गेले, पण त्याने मनगट सोडलं नाही.

“मला माहीत आहे,” तो कुजबुजला. “तेव्हाच माहीत होतं. दगड सुटला आणि ती आय गो म्हणाली. माकड कुठे आय गो म्हणतं?”

“मग?”

“बाईला दगड मारला म्हणालो असतो तर बाबांनी सोलून काढलं असतं. दारात पोचलो आणि तोंडातून माकड निघालं. आणि मग आईने ओवाळलं गं.”

इतकी वर्षं मी त्याला मूर्ख समजत आले होते. भेदरलेलं पोर, इरल्याला जनावर समजलं, दगड मारून डोळे मिटून पळालं आणि मग आपल्याच थापेवर विश्वास ठेवून बसलं, असं मी धरून चालले होते. मूर्ख भावाची मला लाज वाटायची, राग यायचा, पण दर भाऊबीजेला त्याला ओवाळताना मनात किल्मिष नसायचं. मूर्खाला ओवाळता येतं. हा मूर्ख नव्हता. याने तिचा आवाज ऐकला होता, आणि तरीही मला तोंडावर सांगितलं होतं की तू बेशुद्ध होतीस. मला त्याची किळस आली. मी मनगट सोडवून घेतलं.

माइकपुढे मी फार बोलले नाही. मी बेशुद्ध नव्हते, मला उचलून आणणारी बाई होती, तिचं नाव रखमाबाई, ती जांभळी नाक्यावर पत्री विकायची, इतकं सांगितलं. मग म्हणाले, “दादाला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याने आत्ताच मला सांगितलं. पुढचं तोच सांगेल.” आणि बाजूला झाले.

मागच्या रांगांत दोघं-तिघं हसले. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग आहे. अद्वय मोबाइल वर धरून शूटिंग करत होता, त्यालाही तसंच वाटलं असावं. वहिनीने मात्र पदर तोंडाला लावला होता. उत्तराबाई हसल्या नाहीत.

दादा उठला. नारळ खुर्चीवर ठेवला आणि माइकपाशी आला. सवयच ती, दुसरं काय. “भाद्रपदातली दुपार होती,” तो म्हणाला. “आभाळ भरून आलं होतं.” मग पाखरं, मग कारवी, सगळं नेहमीच्या शब्दांत, नेहमीच्या ठिकाणी थांबत. प्राणी बाहेर आला तिथे त्याचे दोन्ही हात उंची दाखवायला वर गेले आणि वरच राहिले. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. हात हळूहळू खाली आले. डावा तसाच लोंबत राहिला आणि उजव्या हाताचं बोट त्याने स्वतःच्या डाव्या भुवईच्या वर नेऊन टेकवलं.

“इथे,” तो म्हणाला. “इथे लागला होता तिला.”

ती जागा मी त्याला कधी सांगितली नव्हती.